जेवली नाही, नुसतं खाल्लं

"वजन जरा आटोक्यात आणायला हवं," डॉक्टर बाई म्हणाल्या, तेव्हा मी पटकन पोट आत घेतलं आणि म्हणाले, "हो, उद्यापासून संध्याकाळी चालायला जायचं मनात आहेच."

"तुमचं नाही. मुलीचं."

पोट आत घेतलेलं तसंच राहिलं. माणसाचा अपमान करायचा तर एका वेळी एक करावा. इथे माझा माझ्यासाठी झाला आणि मुलीसाठीही झाला, आणि मुलगी मात्र वजनकाट्यावर उड्या मारून काटा कसा थरथरतो ते बघण्यात दंग होती. ती चार वर्षांची आहे. वेळेआधी जन्मली तेव्हा इतकीशी होती की सासूबाईंनी तिचं नाव काडी ठेवलं. पाळण्यातलं नाव वेगळं आहे, पण ते आता फक्त दवाखान्याच्या कागदावर उरलंय.

"आई नोकरी करते का?" डॉक्टर बाईंनी कागदाकडे बघत विचारलं.

मी मागे वळून पाहिलं. खोलीत दुसरी आई नव्हती. "मीच आई," मी म्हणाले.

"तेच विचारतेय. आई नोकरी करते?"

"करते. बस डेपोत. ड्यूट्या लावते."

कोणता ड्रायव्हर, कोणता कंडक्टर, कोणत्या गाडीवर, कोणत्या पाळीला, हे मी ठरवते. माझ्या सहीशिवाय डेपोतली एक बस जागची हलत नाही. हे मी जरा सविस्तर सांगितलं, कारण तेवढ्यात थोडी अब्रू परत येईल असं वाटलं. मग त्यांनी विचारलं, दिवसभर मुलीला कोण बघतं, आणि मी मूर्खासारखी खुलले. आमच्या घरची व्यवस्था ही माझी डेपोबाहेरची सर्वोत्तम कामगिरी आहे असं मला तोवर वाटत होतं. सकाळी पाळणाघर. दुपारी तिथून सासूबाई घेऊन जातात, त्या शेजारच्याच गल्लीत राहतात. चार वाजता त्या तिला आमच्या समोरच्या दारातल्या निवृत्त मास्तरांकडे सोडतात. संध्याकाळी मी येते. एक क्षण असा नाही की पोर कुणाच्या हातात नाही.

"म्हणजे बरेच हात आहेत," डॉक्टर बाई म्हणाल्या. "आणि प्रत्येक हातात चमचा असणार. आई घरी बसली असती तर हा प्रश्न आला नसता."

घरी असणाऱ्या बाईला 'बसलेली' म्हणायची रीत कुणी पाडली, तो माणूस मला एकदा भेटायला हवाय. माझी आई जन्मभर घरी होती आणि तिला बसलेली मी फक्त फोटोत पाहिली आहे. वडील काय करतात, हे मात्र डॉक्टर बाईंनी विचारलं नाही. वडील त्या वेळी बाहेर गाडी लावायला जागा शोधत होते, आणि आमची तपासणी संपेपर्यंत त्यांना ती सापडली नाही.

घरी येताना मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बाळसं आहे गं. जाईल." चार वर्षांच्या मुलीला बाळसं. उद्या तिच्या लग्नात हेच म्हणेल.

मी ठरवलं की चौकशी करायची. डेपोत डिझेल जास्त गेलं की मी करते तशी, शांतपणे, कुणावर आरोप न करता. सुरुवात सासूबाईंपासून केली, कारण तिथे आरोप न करता विचारणं सगळ्यात कठीण होतं.

"आई, दुपारी काडी काय जेवते हो?"

"जेवते?" सासूबाईंनी हातातलं भांडं खाली ठेवलं. "ती जेवते कुठे? पाळणाघरातून उपाशी येते बिचारी. रोज त्या बाई सांगतात, आज जेवली नाही. मी गरम भात कालवते, तर चार घास घेते की तोंड फिरवते. पोर जेवतच नाही गं. तुला दिवसभर बाहेर राहून काय कळणार."

शेवटचं वाक्य त्या प्रत्येक उत्तराला जोडतात. पाणी किती वाजता येतं असं विचारलं तरी जोडतात.

पाळणाघरात गेले. दारावर मोठा बोर्ड आहे आणि त्यावर माझी मुलगी आहे. तो मी पूर्वी कौतुकाने बघायची. मागच्या वर्षी त्यांनी आपली आपणच 'सुदृढ बालक' स्पर्धा घेतली. परीक्षक म्हणून वजनकाटा होता. काडी पहिली आली, तिचा फोटो काढला, आणि खाली रंगीत अक्षरांत लिहिलं, 'इथे मुलं अंग धरतात.' त्या दिवशी मी डेपोत पेढे... नाही, पेढे वाटले नाहीत, पण सांगितलं सगळ्यांना. ते आता आठवलं की कान गरम होतात.

पाळणाघराच्या संचालिका अतिशय गोड बोलतात. मी गोड बोलणाऱ्या माणसांना घाबरते.

"ती जेवतच नाही हो इथे," त्या म्हणाल्या. "दुपारचं ताट तसंच असतं. मग आम्ही निघताना दूध आणि केळं देतो. रिकाम्या पोटी मूल घरी पाठवायचं नाही, असं आमचं तत्त्व आहे."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी काही जेवण नसतं. फक्त साडेबाराचा खाऊ. जाम लावलेला ब्रेड. ती मागून घेते दोनदा, तीनदा. मागितलं तर आम्ही नाही म्हणत नाही."

मी म्हणाले, तिला एकदाच द्या. संचालिकांनी हळहळून मान हलवली. सगळ्या मुलांना सारखं द्यायचा नियम होता. एखाद्या मुलाला कमी द्यायचं तर मूल आजारी असल्याचा डॉक्टरांचा दाखला हवा. मी डॉक्टर बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, ती आजारी नाही, आजारी नसलेल्या मुलीला मी आजारी कशी लिहू? सल्ला लिहून देते. सल्ला घेऊन पाळणाघरात गेले. संचालिका म्हणाल्या, सल्ला आम्ही नाही धरत, दाखला धरतो. शिवाय, आणि हे त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं, "तुमची मुलगी आमच्या बोर्डवर आहे. ती एकदम बारीक झाली तर लोक काय म्हणतील?"

माझ्या मुलीच्या अंगाला बोर्डाच्या मापात राहायचं होतं. मी तिथे बरंच बोलू शकले असते. पण पाळणाघर सोडलं तर उद्या सकाळची ड्यूटी कुणी लावायची, हा विचार आड आला. पैशापेक्षा जास्त लाचारी पाळणाघर शिकवतं, हे मूल नसलेल्यांना सांगून कळणार नाही.

उरले मास्तर. समोरच्या दारातले. आयुष्यभर गणित शिकवलेलं, आता शिकवायला कोणी नाही, म्हणून काडी हातात आल्यावर त्यांना हुरूप आला. रोज चार ते साडेसहा ते तिला बेरीज-वजाबाकी शिकवतात. मी बसून पाहिलं. पद्धत अशी की टेबलावर तीन बिस्किटं ठेवायची, शेजारी दोन ठेवायची, किती झाली? पाच. शाब्बास, उत्तर बरोबर आलं, एक खा. आता किती उरली? चार. शाब्बास, एक खा. वजाबाकी तर सगळी खाऊनच शिकवायची असते, त्याला दुसरा उपायच नाही.

"हुशार आहे," मास्तर मला म्हणाले. "पण मधेच मुद्दाम चुकते. परत मांडायला लावते."

"मास्तर, बिस्किटांऐवजी गोट्या घेतल्या तर?"

"गोट्या ती खाणार कशी?" मास्तरांनी विचारलं, आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्याही लक्षात आलं, पण मास्तर लोक लक्षात आल्याचं दाखवत नाहीत. "शिवाय पोर दिवसभर जेवलेली नसते," ते म्हणाले. "तुमच्या सासूबाई रोज सांगून जातात. आणि एक गोष्ट सांगू का? मी वाचलंय कुठेतरी. आजीकडे वाढणारी मुलं जास्त गुटगुटीत होतात म्हणे. पाळणाघरातली पण. घरी आई असेल तर..."

"कुठे वाचलंत?"

"आता आठवत नाही. पण मोठा लेख होता."

लेख मोठा असला की तो खरा असतो, ही मास्तरांची श्रद्धा. त्यांनी तो सासूबाईंनाही सांगितला असावा, कारण दुसऱ्या दिवशी सासूबाई फोनवर म्हणाल्या, "मी पोरीला बिघडवते असं तो बिस्किटवाला म्हणतो? त्याला सांग, मी दोन मुलगे वाढवलेत, एकही गुटगुटीत झाला नाही." त्यातला एक मुलगा माझा नवरा आहे. मी समोर बसलेल्या त्याच्या पोटाकडे पाहिलं आणि फोन ठेवला.

शेवटी मी एक दिवस रजा काढली आणि काडीच्या मागे मागे फिरले. सगळं खरं निघालं. कुणीही खोटं बोलत नव्हतं, हाच तर संताप. साडेबाराला जाम-ब्रेड पोटभर खाल्ल्यावर दीड वाजता ताट कुणाला जाणार? म्हणून 'जेवली नाही'. जेवली नाही म्हणून दूध-केळं. ते पोटात असताना आजीचा भात कसा जाणार? म्हणून 'जेवली नाही'. म्हणून आजी झोपवताना साखर-लोण्याचा ब्रेड, कारण तो काही जेवण नव्हे, तोंडात टाकायला असतो. मग मास्तरांकडे, 'जेवली नाही हो आज', म्हणून बिस्किटं. मग मास्तर मला दारात सांगणार, 'तशी जेवलेली नाही', आणि मी, दिवसभर बाहेर असलेली, तिला मांडीवर घेऊन भरवणार, ती तोंड फिरवणार, आणि झोपताना नवरा साखर घातलेलं दूध आणून देणार, कारण पोरीला उपाशी कसं झोपवायचं?

माझी मुलगी महिनोन् महिने कुठेच जेवली नव्हती. ती फक्त खात होती. आणि आपल्याकडे खाल्लेलं जेवणात धरत नाहीत. डेपोत एक ड्रायव्हर दुसऱ्याच्या हाती गाडी देतो तेव्हा टाकीत डिझेल किती आहे ते सांगतो. न सांगता प्रत्येकाने टाकी भरली तर डिझेल रस्त्यावर वाहील. आमच्या घरी प्रत्येकजण पुढच्याला एवढंच सांगत होता की टाकी रिकामी आहे. आणि त्या साखळीत एक कडी मी होते, जिला पाळ्या लावायचा पगार मिळतो.

इथवर मला राग होता, पण हसू येईल असा. त्याच दिवशी पाळणाघराच्या जाळीतून जे पाहिलं त्यानंतर हसू गेलं.

मुलं चोर-पोलिस खेळत होती. दोन बाकांच्या मधे तुरुंग केला होता. आणि त्या तुरुंगाचं दार म्हणून काडी उभी होती. पोलिसांनी चोर आणला की तिच्या खांद्याला हात लावायचे, ती तोंडाने 'कर्र' करायची आणि बाजूला फिरायची. चोर आत गेला की पुन्हा 'कर्र'. बाकीची पोरं धावून लाल झाली होती. ही एका जागी उभी.

घरी येताना मी विचारलं, "तू कधी चोर होत नाहीस?"

"चोराला पळावं लागतं."

"मग पोलिस?"

"त्याला पण पळावं लागतं," ती म्हणाली, जरा माझ्या अज्ञानाची कीव करत. "पळालं की मला दम लागतो. दाराला नाही लागत. मी सगळ्यांत चांगलं दार आहे, आई. ताई पण म्हणाल्या."

मला रडू आलं नाही. मला राग आला. तिच्यावर नाही. पाळणाघरातल्या त्या ताईंवर, बोर्डावर, ब्रेडवर, स्वतःवर. मुलगी दार झाली होती आणि आनंदात होती. तिला ते दुःख आहे हे कळायच्या आत मला काहीतरी करायचं होतं.

रविवारी सासूबाईंनी आमच्या घरी बैठक बोलावली. मास्तर बोलावल्याशिवाय आले. मी प्रत्येकाला एक एक पाळी आणि प्रत्येक पाळीला एकच खाणं, असं डेपोतल्यासारखं वाटप तोंडी मांडलं. सासूबाई म्हणाल्या, माझ्या घरात पोरीच्या घासाला पहारा बसणार असेल तर मी तिला घ्यायलाच येत नाही. मास्तर म्हणाले, बिस्किटांशिवाय वजाबाकी म्हणजे नुसतं पाठांतर. मग सगळे एकमेकांकडे न बघता माझ्याकडे बघायला लागले. या घरात कोणताही प्रश्न शेवटी याच खुर्चीकडे वळतो.

"मी काय म्हणते," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज खरंच मऊ झाला होता, "तू घरी बस. एखाद वर्ष. पोरीचं आयुष्य आहे."

"नोकरी नंतर मिळेल," मास्तर म्हणाले.

"मिळणार नाही," मी म्हणाले. "माझ्या जागेवर बसायला डेपोत तिघं टपलेत."

नवऱ्याने टेबलावरचा पेपर उघडला. पुढचे दोन आठवडे मी नोकरी सोडायची की नाही यावर त्या घरात चर्चा चालू होती, आणि दोन आठवडे तो त्या चर्चेत असा बसायचा की जणू पाहुणा म्हणून आलाय आणि यजमानांच्या घरगुती बाबीत बोलणं बरं दिसत नाही. मी मनाशी जवळजवळ ठरवलं होतं. खरं सांगते, त्या दार झालेल्या मुलीसमोर माझ्या सहीची काय किंमत होती? रात्री राजीनामा कसा लिहायचा याचाच विचार करत होते.

दोन आठवड्यांनंतरच्या रविवारी पुन्हा सगळे जमले, तेव्हा मास्तर, विषय हलका करायला म्हणून, पेपरमागच्या नवऱ्याला म्हणाले, "काल सकाळी सात वाजता पाणीपट्टी भरायला गेलो होतो तुमच्या ऑफिसात. ती सकाळची खिडकी फार सोयीची आहे हो. तिथे बसणारा माणूस दुपारी बाराला मोकळा."

माझा नवरा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत आहे. पेपर हलला नाही.

"कसली खिडकी?" मी विचारलं.

"अगं, ती तात्पुरती आहे," नवरा पेपरच्या मागून म्हणाला.

"कधीपासून?"

"झाली काही वर्षं."

"आणि तिथे कोण बसतं?"

"कोणी मागितली तर त्याला देतात. सहसा कोणी मागत नाही. पहाटे उठावं लागतं."

सासूबाईंनी काडीच्या फ्रॉकची बटणं उगाच लावली. मी उठले, नवऱ्याच्या हातातला पेपर घेतला, नीट घडी घातली, टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "माझी पंधरा वर्षांची नोकरी जाणार, कारण तुला पहाटे उठवत नाही?"

पुढे मी काय काय बोलले ते सांगत नाही. मास्तर मधेच उठून गेले. निवृत्त शिक्षक अशा वेळी फार चपळ असतात.

नवऱ्याने सकाळची खिडकी घेतली. पहिला आठवडा त्याने घरात शहिदासारखा काढला. दुपारी तो काडीला पाळणाघरातून आणायचा, साडेबाराच्या खाऊच्याही आधी, म्हणजे तिथला ब्रेड, ताट, केळं सगळंच वगळलं. संचालिकांनी त्याला गोड बोलून पाहिलं, पण त्याला गोड बोलणं कळतच नाही, लग्नाआधीपासून. घरी यायला चालत वीस मिनिटं. पहिल्या दिवशी ती कोपऱ्यावर बसली, त्याने उचलून घेतलं, आणि त्याची कंबर धरली. दुसऱ्या दिवशीपासून तो उचलू शकत नव्हता, म्हणून तिला चालावंच लागलं. विज्ञानाने यापेक्षा मोठी प्रगती क्वचित केली असेल.

घरी दोघं एकदा जेवायची. एकदा. ताट रिकामं, मग बागेत. तिथे एकटा पुरुष लहान मुलीच्या मागे धावतोय म्हणून बागेच्या रखवालदाराने त्याला दोनदा हटकलं, ही मुलगी कोणाची? दुसऱ्यांदा त्याचा फार अपमान झाला. मी म्हटलं, मला रोज विचारतात, आई कुठे असते? तुला कळलं असेल आता कसं वाटतं. सासूबाई महिनाभर रुसल्या, मग संध्याकाळी येऊन गोष्टी सांगायला लागल्या, रिकाम्या हाताने. मास्तरांनी गोट्या आणल्या. आणि एके दिवशी काडी येऊन म्हणाली, तिला चोर केलं होतं आणि ती लगेच सापडली, आणि हे सांगताना ती इतकी दमलेली आणि इतकी खूश होती की मी न्हाणीघरात जाऊन दार लावून घेतलं.

पुढच्या तपासणीला नवरा तिला घेऊन गेला. आल्यावर म्हणाला, वजन तेवढंच, उंची वाढली, डॉक्टर खूश आहेत. मी देवाचे आभार मानले आणि विषय संपला असं समजले.

दोन दिवसांनी डेपोत माझ्या टेबलाशी लांब पल्ल्याच्या गाडीवरची कंडक्टर उभी राहिली. फार पक्की बाई. भर गर्दीत एक प्रवासी तिच्या हातून बिनतिकिटाचा सुटत नाही. तिला तीन वर्षांचा मुलगा आहे.

"मॅडम, माझी ड्यूटी लावू नका पुढच्या महिन्यापासून," ती म्हणाली. "सोडतेय."

"का गं?"

"मुलाचं वजन फार झालंय. डॉक्टर बाई म्हणाल्या, घरी बसा. मी म्हटलं, जमणार नाही. तर म्हणाल्या, अहो, डेपोतलीच एक बाई आहे, तिने नोकरी सोडली, आणि मुलीचं वजन बघता बघता आटोक्यात आलं. डेपोतली आहे म्हणजे आपल्यातलीच असणार. तिला जमतं तर मला का नाही?" मग ती टेबलावर वाकली. "मॅडम, कोण हो ती? तुम्हाला माहीत असेल."

मी आमच्या डेपोतल्या बायका मनात मोजल्या. ही सोडली तर त्या डॉक्टर बाईंकडे जाणारी एकच होती, आणि ती या क्षणी खुर्चीत बसून ड्यूट्या लावत होती.

"आज संध्याकाळी डॉक्टर बाईंच्या दवाखान्यात ये," मी म्हणाले. "दाखवते तुला ती बाई."

घरी जाऊन नवऱ्याला विचारलं, मी नोकरी सोडली असं डॉक्टरांना सांगितलंस का? तो आधी नाही म्हणाला, मग म्हणाला, "अगं, त्या म्हणाल्या, आई घरी बसली वाटतं. बाहेर रांग होती. मी हो म्हटलं. एवढं सगळं समजावत कुठे बसू? मुलगी सुधारली ना? मग श्रेय कुणालाही जाऊ दे."

"श्रेय मला गेलंय," मी म्हणाले, "मी न केलेल्या कामाचं. आणि त्या श्रेयापायी एका बाईची नोकरी चाललीय. चप्पल घाल."

दवाखाना भरलेला होता. आया, आज्या, रडणारी पोरं. कंडक्टर आधीच येऊन दारापाशी उभी होती. डॉक्टर बाई पुढचं नाव सांगायला दारात आल्या, तसं मी नवऱ्याला पुढे केलं. "सांग," मी म्हणाले. "सगळ्यांना ऐकू येईल असं."

नवऱ्याने घसा खाकरला. "डॉक्टर, मागच्या वेळी माझं चुकलं. हिने नोकरी सोडलेली नाही. दुपारी घरी मी असतो."

"आणि आई?"

"आई ड्यूटीवर," कंडक्टर म्हणाली. तिने माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू फुकट प्रवास करणारा सापडलाय. "म्हणजे त्या तुम्ही होय?"

डॉक्टर बाईंनी चष्मा काढला. क्षणभर मला वाटलं, आता त्या काहीतरी मागे घेतील. त्या माझ्या नवऱ्याकडे बघून कौतुकाने म्हणाल्या, "कमाल आहे. किती मदत करता हो तुम्ही बायकोला."

आणि सगळा दवाखाना त्याच्याकडे बघायला लागला. एका आजीने डोळे पुसले. दुसरीने सुनेला कोपराने ढोसून दाखवलं. तिसरीने उठून त्याला स्वतःची खुर्ची दिली, आणि तो बसला.

माझ्या मस्तकात तिडीक गेली. "मदत नाही," मी म्हणाले. "मुलगी त्याचीही आहे. मी इतकी वर्षं बघत होते तेव्हा मला कुणी खुर्ची दिली नव्हती. डॉक्टर, ती नोकरी सोडलेल्या बाईची गोष्ट तुम्ही जितक्या जणींना सांगितलीत, त्यांना आता ही सांगा. आणि यापुढे मूल तपासायला आलं की विचारा, वडील काय करतात."

डॉक्टर बाई चष्मा पुसत राहिल्या. मग त्यांनी कंडक्टरला विचारलं, जरा अवघडून, "मुलाचे वडील काय करतात?"

"रात्रपाळी," कंडक्टर म्हणाली. "दिवसा घरीच असतो. झोपतो म्हणतो." ती माझ्याकडे वळली. "मॅडम, माझी ड्यूटी लावा. मी घरी जाऊन बोलते."

एवढ्या गोंधळात काडीचा हात माझ्या हातातून कधी सुटला ते कळलंच नाही. ती खुर्च्यांच्या रांगांमधून धावत होती, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, मागे दुसरी दोन पोरं घेऊन, तोंड लाल, केस घामाने कपाळाला चिकटलेले. दम लागला होता आणि थांबत नव्हती. नाव नोंदवणारी बाई टेबलामागून ओरडली, "ए बाळ, धावायचं नाही इथे. एका जागी बस बघू."

"नाही बसणार ती," मी म्हणाले.